माझा रविवार गुरुवारी येतो

एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी.
त्याच दिवशी लाइट जाते, दुरुस्तीसाठी, दहा ते पाच.
लांडेवाडीतल्या खोलीत मग टीव्ही नाही, मिक्सर नाही,
खालच्या सलूनमधलं गाणं नाही.
खिडकीच्या गजाला पुस्तक टेकवून
मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात जाते.

पुस्तक मला 'विद्यार्थी मित्र' म्हणतं.
एकेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी म्हणालं.
दर चार पानांनी ते थांबतं, सांगतं:
तुमची प्रगती तपासा.
खाली टिंबाटिंबांच्या तीन ओळी,
उत्तर तेवढ्यातच मावायला हवं.

तपासणं मला नवं नाही.
सकाळी सातपासून तेच करते.
ब्रॅकेट उचल, भोकात गेज घाल.
एक टोक गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये.
एकही नाही गेलं, परत ड्रिलवर.
दोन्ही गेली, लाल रंगाचा ठिपका, भंगार.
पाळीला अकराशे नग,
त्यातला एकही कुठल्या गाडीत बसतो
ते मी पाहिलेलं नाही.

अभ्यासकेंद्र पुण्यात, पेठेतल्या शाळेत,
आणि ते भरतं रविवारी.
मग मुमताज, शनिवारी रात्री बाराला सुटलेली,
रविवारी सातला माझ्या जागी उभी राहते
आणि तिची दुसरी पाळी मी करते.
"पास झालीस तर मटण," ती म्हणते,
"नाही झालीस तरी मटण. करायचं तू."

हॅरिस पुलाच्या अलीकडे मी प्रकरण तीन उघडते,
पलीकडे जाईतो डोळा लागलेला असतो.
परवा कंडक्टरनं पडलेलं पुस्तक उचलून दिलं,
म्हणाला, मावशी, मुलगा कितव्या वर्षाला?
दुसऱ्या, मी म्हणाले.

बाकं सातवी ब ची. गुडघे मावत नाहीत.
आम्ही चौदा जण: दोन नर्स, एक रिक्षावाला,
एक हवालदार, जो हजेरीला उभा राहतो
आणि मग लाजून बसतो.
थिटे सर फळ्यावर लिहितात,
श्रमविभागणी: फायदे व तोटे.
तोटा क्रमांक दोन, कामात तोचतोचपणा येतो.
सगळ्यांनी उतरवून घेतलं.
मीही. सुंदर अक्षरात.

गृहपाठात मात्र हात सुटला.
लिहिलं की पत्रा कापतो देवराम,
वाकवते शकुंतला,
भोक पाडणारा पोरगा दर महिन्याला नवा,
आणि मी फक्त बघते.
की अकरा वर्षांनी आता
गेज घालायच्या आधीच माझ्या अंगठ्याला कळतं,
आणि हा फायदा धरावा की तोटा,
मला ठरवता आलेलं नाही.

वही परत आली. पाचपैकी दोन.
समासात लाल शाईनं:
स्वतःचे अनुभव नकोत. पुस्तकातील मुद्दे लिहा.

राग आला, पण पुरता येईना.
ठिपका देताना मीही कधी
नगाला काही विचारलेलं नाही.

मे महिन्यात परीक्षा.
हॉलतिकिटावर यमुनाची जमुना झालेली,
फोटो तेवढा माझा.
प्रश्न चौथा, तोच.
मी मुद्दे लिहिले, एक ते सहा,
पुस्तकातले, पुस्तकाच्याच क्रमानं,
खाली पट्टीनं रेघ मारली.
नऊ मिनिटं उरली होती.
रेघेखाली लिहिलं: सात.
मग देवराम, मग शकुंतला, मग तो नवा पोरगा,
घंटा झाली तेव्हा वाक्य
अंगठ्यापर्यंत आलं होतं.

निकाल लागायचाय.
मुमताज विचारते, मटण कधी?
गुरुवारी ये, म्हटलं.
वाटण पाट्यावर करावं लागेल,
तू वाट, मी सांगते
तोटा क्रमांक तीन.